चार पेन्सिल सेलचा लाँच कंट्रोलर: एक हंगाम वापरल्यावर

दिवा लागतो, बटण दाबलं तरी रॉकेट जागचं हलत नाही. या कंट्रोलरवरचा, म्हणजे मॉडेल रॉकेट दुरून बटण दाबून उडवायच्या डब्यावरचा, माझा सगळा राग एवढाच आहे. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: इग्नायटर (रॉकेटची मोटार विजेवर पेटवणारी बारीक तार) खराब असेल, दुसरं पाकीट घ्या. इग्नायटर ठणठणीत असतात. फसवतो तो दिवा.

सर्किट जोडलेलं आहे एवढं दाखवायला त्या दिव्याला काही मिलिअँपिअर पुरतात. इग्नायटर पेटवायला साधारण दोन अँपिअर लागतात. अर्धे उतरलेले सेल पहिलं काम आरामात करतात, दुसऱ्याला माना टाकतात. हिशोब करून बघा. सहा व्होल्ट, चार नव्या अल्कलाइन डबल-ए सेलचा आतला रोध पाऊण ओहम, पाच मीटर बारीक वायरचा जाऊन-येऊन जवळपास एक, इग्नायटरचा पाऊण. म्हणजे कोऱ्या सेलवरही जेमतेम सव्वादोन-अडीच अँपिअर. इग्नायटर पकडणाऱ्या चिमट्यांना काजळी धरली की तेवढेही मिळत नाहीत. दर उड्डाणानंतर पॉलिश पेपर फिरवाच. किराणा दुकानातले रिमोटचे साधे सेल यात घालूच नका. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरीही नको, तिचा आतला रोध फार.

सुरुवातीला याला दोनच तारे दिले असते. आता चार देतो, पण ते फवारणी पंपाच्या जिवावर.

कापूस-सोयाबीनवाल्या घरी बॅटरीचा पंप बहुधा असतोच. त्यातली १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी फवारणी संपली की रिकामी पडून असते, आणि वावरंही तेव्हाच मोकळी होतात. नवा महागडा कंट्रोलर कशाला घ्यायचा?

ती थेट डब्याला मात्र जोडू नका. तिचा आतला रोध नगण्य, त्यामुळे सात अँपिअरच्या आसपास प्रवाह जाऊ शकतो, चिमटे एकमेकांना टेकले तर दहाच्याही वर. बारकं बटण आतून चिकटतं, आणि मग पुढचा इग्नायटर लावताना हाताजवळच पेटतो. सहा व्होल्टचा दिवाही उडतो.

मध्ये गाडीचा १२ व्होल्टचा चार पायांचा रिले (थोड्या प्रवाहावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) घाला. बॅटरी आणि रिले पॅडजवळ (रॉकेट उभं करतो तिथे), पण ज्वाळेपासून बाजूला. बॅटरीचं धन टोक १५ अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरच्या पायाला, ८७ वरून एक चिमटा, दुसरा चिमटा सरळ ऋण टोकाला. ही वायर दीड चौरस मिलिमीटरची आणि आखूड. ८५-८६ ची कॉइल याच बॅटरीवर, डब्यातल्या किल्ली आणि बटणातून चालवा. कॉइलला प्रवाह थोडाच लागतो, म्हणून जुनी बारीक वायर दहा मीटर वाढवली तरी चालते. कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड लावा. जुन्या दिव्याऐवजी ३० आणि ८७ च्या मध्ये एक किलोओहमसोबत एलईडी. दहा मिलिअँपिअरने इग्नायटर पेटत नाही.

आणि एलईडीवरही विसंबू नका. ट्रॅक्टरचा २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब खिशात ठेवा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे इग्नायटरच्या जवळपास. इग्नायटर लावण्याआधी तो चिमट्यांत धरा: बटण न दाबता अंधार, दाबल्यावर लख्ख उजेड, सोडल्यावर पुन्हा अंधार. पिवळट लागला तर बॅटरी नाहीतर जोड कच्चा. बटण सोडूनही लागलेला राहिला तर रिले चिकटला, फेकून द्या. बल्ब पास झाला की किल्ली काढून स्वतःजवळ ठेवायची, मगच इग्नायटर. एवढ्या स्वस्त तपासणीची सोय डब्यात का दिली नाही, हे मला अजून पटत नाही.

अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या नियमांत डी आकाराच्या मोटारपर्यंत रॉकेटपासून ५ मीटर आणि त्याहून मोठ्या मोटारींना ९ मीटर अंतर सांगितलं आहे. मिसफायर झाल्यावर, म्हणजे बटण दाबूनही रॉकेट उडालं नाही तर, किल्ली काढून ६० सेकंद थांबायचं. पॅडभोवतीचं कुटार आणि वाळलेलं गवत आधी साफ करा.

बॅटरी टिनाच्या शेडमध्ये ठेवू नका, एप्रिल-मेच्या उन्हात ती खराब होते. दोन महिन्यांनी एकदा मल्टिमीटर लावा, १२.४ व्होल्टच्या खाली दिसली की लगेच चार्जिंगला लावा.