इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारच्या बुकिंगला पैसे भरण्याआधी हे वाचा

गाडीचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे, आणि बुकिंगच्या नावाखाली पैसे उकळणारी ही मंडळी उद्या दुसऱ्या नावाने उभी राहतील याची मला खात्री आहे. त्यामुळे नाव राहू दे, त्यांची पद्धत ओळखून ठेवा.

बाणेरला एका हॉटेलच्या हॉलमध्ये लाँच होतं. दिव्यांच्या झोतात लाल, दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी. शून्य ते शंभर दोन सेकंदांत, ६० किलोवॉट-अवरची बॅटरी, एका चार्जमध्ये १००० किलोमीटर, पंधरा मिनिटांत फुल्ल. किंमत ३५ लाख, पाच लाख भरले की नंबर पक्का. हॉलमध्ये चाकण-भोसरीच्या कारखान्यांत उभं आयुष्य घालवलेली माणसं होती. आपल्या पुण्यात अशी गाडी बनतेय याचा सगळ्यांनाच अभिमान वाटत होता. पैशांपेक्षा या अभिमानाचा त्यांनी धंदा केला, याचाच मला जास्त संताप येतो.

कोणी कागद विचारला की एकच उत्तर मिळायचं, ‘एआरएआयला टेस्टिंग चालू आहे.’ पुण्यात हे वाक्य चालून जातं, कारण गाड्यांची चाचणी करणारी वेताळ टेकडीवरची ती संस्था सगळ्यांना माहीत आहे. पण टेस्टिंग चालू असणं आणि टाइप अप्रूव्हल, म्हणजे मॉडेल नियमांत बसतं याचं सर्टिफिकेट, हातात असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ नुसार ते सर्टिफिकेट मिळाल्याशिवाय नवीन मॉडेल विकता येत नाही, आरटीओ पासिंगही होत नाही. सर्टिफिकेटचा नंबर मागा. नसेल तर तिथून उठा.

गाडी देण्याच्या तारखा पुढे जाऊ लागल्या तेव्हा टेस्लाचं उदाहरण तोंडावर फेकलं गेलं: त्यांनीही रोडस्टर ही नवी स्पोर्ट्स कार २०१७ मध्ये दाखवली, २०२० ला देऊ म्हणाले, दिली का? ऐकायला पटतं. पण टेस्लाच्या दुसऱ्या गाड्या तेव्हाच रस्त्यावर धावत होत्या. यांची एकही नव्हती.

खरा उलगडा एका फोटोवरून झाला. लाँचला चार्जिंगचं झाकण उघडं होतं, त्याचा जवळून काढलेला फोटो मी चाकणला बॅटरी पॅकवर काम करणाऱ्या मित्राला पाठवला. त्याने लगेच फोन केला. ‘अरे, खालची दोन भोकं कुठायत?’ आपल्याकडच्या कारचं जलद चार्जिंग सीसीएस-२ सॉकेटमधून होतं. त्यात वर सात पिनांचा गोल भाग आणि खाली डीसीसाठी दोन जाड पिना असतात. यांच्या गाडीला फक्त वरचा गोल होता, म्हणजे साधं, हळू होणारं एसी चार्जिंग. पंधरा मिनिटांत ६० किलोवॉट-अवर भरायला २४० किलोवॉटचा चार्जर लागतो. ते त्या सॉकेटमधून होणं शक्यच नाही. रेंजचंही तेच. ६० भागिले १०००, म्हणजे किलोमीटरला ६० वॉट-अवर. छोट्या साध्या इलेक्ट्रिक कारलासुद्धा शंभराच्या आसपास किंवा जास्तच लागतात, मग स्पोर्ट्स कारची काय कथा!

मग पैसे भरल्याची माझी पावती पुन्हा काढली. ‘बुकिंग’ हा शब्द कुठेच नाही. ‘प्रीमियम क्लब सभासद शुल्क, परतावा नाही’ असं बारीक अक्षरांत छापलेलं. जीएसटी नंबर नाही, आणि पैसे गेलेलं खातं कंपनीचं नव्हे, भलत्याच फर्मचं. गाडीच्या बुकिंगची पावती अशी कधीच नसते. आरटीजीएस करण्याआधी खात्याचं नाव कंपनीच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा.

पैसे नुकतेच ऑनलाइन गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तिथे प्रत्येक तास मोलाचा असतो. दिवस उलटले असतील तरी पोलिसांत लेखी तक्रार द्याच. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते, मुदत दोन वर्षांची आहे.

याच गाडीसाठी ज्यांनी पैसे भरलेत त्यांना सध्या फोन येताहेत: आणखी दीड लाख भरा, रक्कम नव्या मॉडेलला वळती करतो. सोबत एक हमीपत्र येतं. त्याच्या दुसऱ्या पानावर ‘आधीच्या रकमेबाबत माझा कोणताही दावा राहिलेला नाही’ असं आहे. त्यावर सही करू नका. मूळ पावती, बँकेची नोंद आणि व्हॉट्सअॅपवरचं सगळं बोलणं जपून ठेवा. तक्रार द्यायला जाल तेव्हा हे तिन्ही लागेल.