गोंधळात टाकणारे इंग्रजी शब्द: ऑक्सफर्डचा कोश घ्यावा की स्वॉन?

‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’, ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ अशा जोड्यांपाशी ज्यांची लेखणी वारंवार अडखळते, त्यांनी एखादा संदर्भग्रंथ विकत घ्यायचे ठरवले की निवड बहुधा दोन पुस्तकांवर येऊन ठेपते: ऑक्सफर्डचा ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ कोश आणि मायकेल स्वॉन यांचे ‘प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज’. फाउलर यांचा इंग्रजी शब्दवापरावरचा १९२६ सालचा प्रसिद्ध ग्रंथ मी मुद्दाम बाजूला ठेवतो. तो वाचायला रंजक असला, तरी ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांच्यासाठी लिहिलेला आहे, आणि आपल्या अडचणी निराळ्या असतात.

कोशाची बाजू भक्कम आहे. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह तयार केलेला हा कोश प्रथम १९४२ मध्ये तोक्योत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला, त्यामुळे परभाषक विद्यार्थ्याला काय हवे असते याची जाण त्यात मुळापासून आहे. कोणते क्रियापद कोणत्या रचनेत येते आणि कोणत्या नामाचे अनेकवचन होत नाही, हे तो चोख सांगतो. गोंधळाच्या जोड्यांसाठी चौकटींतल्या टिपाही त्यात आहेत.

मला मात्र एका गोष्टीचा जाच होत राहिला. कोशातील नोंद मुख्यतः बरोबर वाक्येच दाखवते. चुकीचे वाक्य दिसलेच तर एखाद्या टिपेत. कार्यालयीन पत्रात ‘सोमवारपर्यंत अहवाल पाठवावा’ हे इंग्रजीत लिहिताना ‘टिल’ वापरावे अशी मराठी माणसाची ओढ असते. खात्री करून घेण्यासाठी ‘टिल’ची नोंद उघडावी, तर तेथील सर्व उदाहरणे निर्दोष असतात, पण आपले वाक्य त्यांच्या पंक्तीत बसते की नाही, हे ती सांगत नाहीत. येथे ‘बाय’ हवे, हे ज्याला आधीच ठाऊक आहे तोच ‘बाय’ची नोंद उघडणार, आणि त्याला कोशाची गरज उरलेली नसते.

स्वॉन नेमके उलट करतात. विद्यार्थी हटकून लिहितो ते चुकीचे वाक्य ते छापतात आणि त्यावर काट मारतात. ‘डिस्कस अबाउट’ किंवा ‘एक्स्प्लेन मी’ ही आपली ओळखीची रूपे तिथे खोडलेली दिसतात. सोमवारपर्यंत वाट पाहायची असेल, म्हणजे क्रिया तोवर चालूच राहणार असेल, तर ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’. मुदतीच्या आत काम उरकायचे असेल तर ‘बाय’, हा भेदही ते थोडक्यात स्पष्ट करतात. माझ्यापुरते सांगायचे, तर काट मारलेले वाक्य जितके लक्षात राहते तितके निर्दोष वाक्य राहत नाही. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल.

अर्थात स्वॉन हा शब्दकोश नव्हे. अनोळखी शब्दाचा अर्थ शोधायला तो निरुपयोगी आहे, आणि ज्यांचा भर लिहिण्यापेक्षा वाचनावर आहे त्यांना कोशच पुरेल. २०१६च्या चौथ्या आवृत्तीत व्याकरणाचा भाग विषयवार लावला असून शब्दांच्या अडचणी स्वतंत्र वर्णक्रमाने दिल्या आहेत. सारे काही एकाच वर्णक्रमात देणारी २००५ची तिसरी आवृत्ती मला अधिक हाताशी वाटते. ती पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा अन्यत्र जुन्या पुस्तकांत मिळाल्यास अवश्य घ्यावी, असे मी सुचवीन. कोशासाठी वेगळे पैसे मोजायची घाई नसावी, कारण तो इंटरनेटवर उच्चारांसह विनामूल्य पाहता येतो.