मळण्यात अव्वल, भाजण्यात जेमतेम: घरगुती ब्रेड मशीनचे परीक्षण

ब्रेड मशीन घ्यावे की नाही, असे कोणी विचारले की मी आधी उलट विचारतो, घरात ओव्हन आहे का? ओव्हन असेल तर हे यंत्र फार कामाचे आहे आणि नसेल तर बरेच कमी कामाचे आहे, हे ऐकून बहुतेकांना नवल वाटते. कारण जाहिरात नेमकी याच्या उलट असते. ओव्हनची गरज नाही, रात्री साहित्य घाला आणि सकाळी ताजा ब्रेड काढा, असे तिचे म्हणणे. बराच काळ वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की हे यंत्र कणीक मळण्यात आणि ती योग्य उबेत फुगवण्यात वाकबगार आहे. भाजण्याचे कामही ते करते, पण जेमतेम करते.

परीक्षण केलेले यंत्र दहा हजार रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या, साधारण 550 वॉटच्या वर्गातले आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या किमतीच्या यंत्रांची अंतर्रचना जवळपास एकसारखीच असते: न चिकटणाऱ्या लेपाचे एक भांडे, त्याच्या तळाशी फिरणारे एक पाते, भांड्याभोवती तापणारी तार आणि मळणे, विसावा, फुगणे, भाजणे या टप्प्यांचे वेळापत्रक सांभाळणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी. साध्या ब्रेडला सुमारे 3 तास लागतात, गव्हाच्या ब्रेडला त्याहून अधिक.

मळण्याचे काम यंत्राला इतके चांगले का जमते, यामागे एक कथा आहे. 1980 च्या दशकात जपानच्या मात्सुशिता कंपनीत (आजची पॅनासोनिक) असे यंत्र बनवण्याचे प्रयत्न सुरू होते, पण पीठ नीट मळले जात नव्हते. तेव्हा तिथल्या सॉफ्टवेअर विभागातील इकुको तानाका या ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरच्या हाताखाली शिकायला गेल्या. तो पीठ केवळ दाबत नाही, तर ताणताना त्याला पीळही देतो, हे त्यांच्या लक्षात आले. पुढे अभियंत्यांनी भांड्याच्या आतल्या बाजूला उभ्या कडा बसवल्या आणि तोच परिणाम साधला. आजही यंत्र विकत घेताना भांड्यात डोकावून ही उभी कड आहे ना, हे पाहावे. ती नसेल तर गोळा पात्याबरोबर नुसता गरगर फिरत राहतो.

यंत्र लावून निघून जायचे, हा मोह मात्र पहिली 10 मिनिटे तरी टाळावा. झाकण उघडून पाहिले तर सुरुवातीला कोरडे पीठ कोपऱ्यांत अडकलेले आणि मधोमध ओला चिखल दिसतो. पाचेक मिनिटांत त्याचा गोळा व्हायला लागतो आणि याच वेळी निर्णय घ्यायचा असतो. गोळा भांड्याच्या भिंतींवर आपटून टक् टक् आवाज करत असेल आणि त्याच्या पृष्ठभागावर भेगा दिसत असतील, तर एक चमचा पाणी घालावे. तो तळाशी पसरून भांड्याला चिकटत असेल, तर एक चमचा पीठ भुरभुरावे. भिंती स्वच्छ, तळाशी किंचित चिकट आणि बोट लावल्यावर मऊ, असा गोळा दिसला की झाकण लावून खुशाल आपल्या कामाला लागावे. पुस्तिकेतील मोजमाप कितीही काटेकोर पाळले तरी ही पाहणी चुकत नाही, कारण पुस्तिका लिहिणाऱ्याला आपल्या डब्यातले पीठ ठाऊक नसते.

पिठाचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. पाश्चात्त्य पाककृतींत ज्याला ब्रेडचे पीठ म्हणतात त्यात प्रथिनांचे प्रमाण साधारण 12 ते 14 टक्के असते. आपला मैदा बहुधा त्याहून कमजोर असतो. गिरणीतून दळून आणलेल्या कणकेत प्रथिने पुरेशी असली तरी जात्याच्या दगडांत पिष्टाचे कण बऱ्याच प्रमाणात चिरडले जातात, त्यामुळे ती पाणी जास्त ओढते. शिवाय कोंड्याचे कण ग्लुटेनचे, म्हणजे मळताना प्रथिनांपासून तयार होणाऱ्या लवचीक जाळ्याचे, पडदे फाडतात. पोळीला हेच पीठ सुरेख, पण ब्रेडला अवघड. लोकवन किंवा सिहोर गव्हाच्या कणकेचा ब्रेड यंत्रात होतो, मात्र 400 ग्रॅम कणकेला 300 मिलिलीटरच्या आसपास पाणी आणि चमचाभर वेगळे विकत मिळणारे ग्लुटेन घातले तर तो वडीसारखा दडस होत नाही. खपली गव्हाचा प्रयोग करू नये. त्याचे ग्लुटेन इतके नाजूक असते की यंत्राच्या धसमुसळ्या मळण्याने ते टिकत नाही. ज्यांना खात्रीचा ब्रेड हवा आहे त्यांनी 300 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम कणीक, साधारण 250 मिलिलीटर पाणी, 7 ग्रॅम मीठ, 15 ग्रॅम साखर, 20 ग्रॅम लोणी किंवा तेल आणि 4 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट या प्रमाणापासून सुरुवात करावी. घरात वजनकाटा नसेल तर यंत्राआधी तो घ्यावा. वाटीने मोजलेले पीठ दर वेळी वेगळे भरते.

दुसरी अडचण हवेची. ही यंत्रे थंड देशांतील स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहेत, म्हणून फुगण्याच्या टप्प्यात ती भांडे आपणहून उबदार ठेवतात. जानेवारीत नाशिकला किंवा महाबळेश्वरला ही सोय वरदान ठरेल, पण विदर्भातल्या मे महिन्यात, जेव्हा नळाचे पाणीच कोमट असते, तेव्हा कणीक वेळापत्रकाच्या पुढे पळते, नको इतकी फुगते आणि भाजायला लागल्यावर मधोमध खचते. अशा दिवसांत फ्रिजमधले थंड पाणी वापरावे, यीस्ट पाव हिश्श्याने कमी करावे आणि मिठात काटकसर करू नये, कारण मीठ यीस्टचा वेग आवरते. पावसाळ्यात पीठ दमट असते, तेव्हा पाणी चमचा-दोन चमचे कमी लागते. रात्री साहित्य घालून सकाळी ब्रेड काढण्याची सोय उन्हाळ्यात दूध घालून तर मुळीच वापरू नये. पाण्यावर करायचा असेल तर यीस्ट पिठाच्या ढिगावर कोरडे राहील, पाणी आणि मीठ खाली राहील, असा क्रम ठेवावा.

आता भाजण्याकडे वळू. तार भांड्याभोवती खालच्या बाजूला असल्याने ब्रेडच्या बाजू आणि तळ खरपूस होतात, पण वरचा भाग फिकट, मेणचट राहतो. ‘डार्क’चे बटण दाबले की बाजू अधिक जाड होतात, वरचा रंग फारसा बदलत नाही. आकार उभट, बादलीसारखा. त्याचे काप टोस्टरच्या खाचेत बसत नाहीत. आणि तळाशी पात्याचे भोक पडते ते पडतेच. शेवटचे मळणे संपताच, म्हणजे अखेरच्या फुगण्याआधी, हाताला पाणी लावून गोळा उचलावा, पाते काढून घ्यावे आणि गोळा पुन्हा ठेवावा, म्हणजे भोक नाममात्र उरते. पण ती वेळ साधायला घड्याळाकडे लक्ष ठेवावे लागते, आणि मग ‘बटण दाबा नि विसरा’ या आश्वासनाला अर्थ उरत नाही.

म्हणूनच ब्रेडसाठी मी फक्त ‘डो’ कार्यक्रम वापरतो. साधारण दीड तासात मळलेली आणि एकदा फुगलेली कणीक मिळते; ती ओट्यावर काढून हलक्या हाताने हवा दाबायची, लोफ टिनमध्ये किंवा लादी पावासाठी गोळे करून ट्रेमध्ये लावायची, पुन्हा दुप्पट होऊ द्यायची आणि ओव्हनमध्ये भाजायची. लादी पावाचे गोळे ट्रेमध्ये एकमेकांपासून बोटभर अंतरावर ठेवावेत, म्हणजे फुगल्यावर ते एकमेकांना चिकटतात आणि तोडताना ती परिचित कापसासारखी तार निघते. हे यंत्राच्या उभ्या भांड्यात कधीच होणार नाही. गोव्यातल्या पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, लाकडांवर तापणाऱ्या भट्टीतल्या पोयी या पावाची बरोबरी मात्र घरच्या ओव्हननेही होत नाही, तेव्हा ती अपेक्षा कोणी ठेवू नये.

मग हातानेच का मळू नये? अवश्य मळावे. पीठ, पाणी आणि यीस्ट एकत्र कालवून 20-25 मिनिटे झाकून ठेवले, मग मीठ घालून मळले, तर 10 मिनिटांत कणीक गुळगुळीत होते. छोटा तुकडा दोन्ही हातांनी ताणून प्रकाशासमोर धरला आणि न फाटता त्याचा पातळ पडदा झाला की मळणे पुरे. हाताला जे कळते ते यंत्राला कळत नाही, आणि भरपूर पाण्याच्या, मोठ्या जाळीच्या ब्रेडसाठी तर वेगळे मळावेच लागत नाही. न्यूयॉर्कचे बेकर जिम लाही यांची 2006 साली गाजलेली पद्धत हेच सांगते: यीस्ट चिमूटभर, वेळ 12 ते 18 तास, भाजायला झाकणाचे तापलेले जड भांडे. पण आठवड्याला दोनदा ब्रेड लागणाऱ्या, घरी लहान मुले असलेल्या किंवा मनगट दुखणाऱ्या माणसाला रोजच्या सँडविच ब्रेडसाठी यंत्राचा आधार वाटतो, यात कमीपणा नाही. पुरणपोळीची सैलसर कणीक तिंबायला तर मी ते बिनधास्त लावतो. कणीक मऊ होते आणि हात तेलात बुडत नाहीत.

खर्चाचे गणित मांडले तर फायदा थोडाच आहे. यंत्रातच भाजले तर वीज अर्ध्या युनिटच्या आसपास जाते, ओव्हनमध्ये भाजल्यास थोडी जास्त. खरा लाभ आहे तो आत काय गेले हे माहीत असण्याचा. 2016 साली सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने दिल्लीतील ब्रेडच्या नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट ही पिठात मिसळली जाणारी रसायने असल्याचे दाखवून दिले आणि त्यानंतर एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ब्रोमेटवर बंदी घातली. बाजारातल्या अनेक ‘ब्राऊन’ ब्रेडमध्ये मैदा आणि कॅरॅमलचा रंगच अधिक असतो, हे पाकिटावरील घटकांची यादी वाचणाऱ्याला नवीन नाही. घरच्या ब्रेडला परिरक्षक नसल्याने तो दोन दिवसांत शिळा वाटू लागतो आणि पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी बुरशी धरू शकतो. तो फ्रिजमध्ये ठेवू नये, तिथे तो आणखी लवकर कडक होतो. तासभर तरी पूर्ण गार झाल्यावर काप करून फ्रीझरमध्ये टाकावेत आणि लागतील तसे टोस्ट करावेत.

जॅमचा कार्यक्रम कधीमधी उपयोगी पडतो, दह्याचा आपल्या घरांत निरर्थक आहे, केकचा मला पटला नाही. वीजकपात होणाऱ्या गावात असाल तर वीज गेल्यावर यंत्र किती वेळ कार्यक्रम लक्षात ठेवते, हे दुकानदाराला विचारून घ्यावे. अनेक यंत्रांत ही मुदत 10-15 मिनिटांचीच असते आणि त्यानंतर अर्धवट फुगलेला गोळा ओव्हनकडे किंवा तव्याकडे वळवावा लागतो. हमीपत्रात मोटरचा उल्लेख असतो, पण आधी झिजते ते पाते आणि भांड्याच्या तळाचे रबरी सील. हे दोन्ही सुटे भाग वेगळे विकत मिळतात की नाही, याची लेखी खात्री मिळत नसेल तर ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.