स्वतःच्या गाडीने स्वतःच्याच घराचे नुकसान झाले, तर कोणता विमा कामी येतो?

गाडी मागे घेताना ती फाटकाच्या खांबाला धडकली, किंवा ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला जाऊन पोर्चच्या कॉलमवर आदळली, की बहुतेक जण आधी गाडीच्या विमा कंपनीला फोन करतात. गाडीच्या दुरुस्तीपुरते ते योग्यच आहे. पण कॉलमचे पैसे त्या पॉलिसीतून मिळत नाहीत. खासगी मोटारीच्या पॉलिसीतील थर्ड पार्टी भाग दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची 7.5 लाख रुपयांपर्यंत जबाबदारी घेतो, मात्र विमाधारकाच्या मालकीची किंवा ताब्यातील मालमत्ता त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलेली असते. झीरो डेप्रिसिएशनसारखी (म्हणजे बदललेल्या सुट्या भागांवर घसाऱ्याची कपात न करणारी) जोडसंरक्षणे, म्हणजे जादा प्रीमियम भरून मिळणारी अ‍ॅड-ऑन, घेतली, तरी ती गाडीपुरतीच असतात.

म्हणजे निवड करायची ती घराच्या पॉलिसींमध्ये. गृहकर्ज घेताना बँकेने दीर्घ मुदतीची जुनी ‘स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स’ पॉलिसी काढून दिली असेल, तर तिच्यातही वाहनाच्या धडकेचे संरक्षण असते. परंतु धडकणारे वाहन विमाधारकाचे, त्या घरात राहणाऱ्या कोणाचे किंवा कामावर असलेल्या त्यांच्या नोकराचे असता कामा नये, अशी अट असते. त्यामुळे त्याच घरात राहणाऱ्या मुलाची मोटारसायकलही या अटीत अडकते. स्वतःच्या वाहनाच्या धडकेसाठी वेगळे जोडसंरक्षण घेता येत असे, पण घरमालक ते घेतात असे सहसा दिसत नाही.

1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या प्रमाणित ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीची शब्दरचना याहून उदार आहे. तिच्यात बाहेरील कोणत्याही वस्तूच्या धडकेने झालेले नुकसान येते, वाहन हे त्याचे उदाहरण म्हणून दिलेले आहे आणि ते कोणाचे असावे याची अट नाही. जाणूनबुजून केलेले नुकसान मात्र वगळलेले आहे. घराच्या व्याख्येत गॅरेज, पोर्च, कंपाउंडची भिंत, फाटक आणि सेप्टिक टँकही येतात, आणि गाडीचा तडाखा बहुधा यांनाच बसतो.

दुसरा फरक पैशांचा आहे. जुन्या पॉलिसीत 40 लाखांच्या बांधकामाचा विमा 20 लाखांचाच काढलेला असेल, तर 2 लाखांच्या नुकसानीपोटी साधारण 1 लाखच हाती पडतात. ‘भारत गृह रक्षा’मध्ये कमी विम्यापोटी अशी कपात होत नाही, फक्त चटईक्षेत्र आणि इतर माहिती खरी दिलेली असावी लागते. आरसीसी कॉलमला तडा गेला, तर आधी टेकू देणे, मग स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी आणि जॅकेटिंग (कॉलमभोवती मजबुतीचा नवा थर चढवणे) असा खर्च वाढत जातो, तेव्हा हा फरक फार जाणवतो. इंजिनिअर, आर्किटेक्ट यांच्या फीसाठी दाव्याच्या 5 टक्क्यांपर्यंत आणि राडारोडा हलवण्यासाठी 2 टक्क्यांपर्यंत रक्कम या पॉलिसीत अंतर्भूत असते. म्हणून बंगला किंवा रस्त्यालगतचे घर असणाऱ्याने मी हीच पॉलिसी निवडावी असे म्हणेन. कंपनीची स्वतःची वेगळी गृहविमा पॉलिसी घ्यायची असेल, तर सही करण्यापूर्वी तिच्यातील धडकेचे कलम वाचून स्वतःचे वाहन वगळलेले नाही ना, हे पाहावे.

घाटाच्या वळणावर एखादा ट्रक घरात घुसला, तर मार्ग दोन असतात. ट्रकच्या विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाद मागता येते, पण त्याला वेळ लागतो आणि कायद्यात अर्जासाठी 6 महिन्यांची मुदत घातलेली आहे. त्याऐवजी घराच्या पॉलिसीतून भरपाई घ्यावी आणि ट्रकवाल्याकडून वसुलीचे काम कंपनीवर सोडावे, हे मला अधिक सोयीचे वाटते. मात्र पोलीस पंचनामा करून घ्यावा, आणि रोख रक्कम घेऊन ‘आमची तक्रार नाही’ असे लिहून देऊ नये, कारण त्याने कंपनीचा वसुलीचा हक्क बाधित होतो आणि आपला दावाही अडचणीत येऊ शकतो.

फ्लॅटधारकांचे गणित निराळे आहे. पार्किंगमधला कॉलम आणि फाटक सोसायटीचे असल्यामुळे सभासदाची गाडी तिथे धडकली, तर ते सहसा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान ठरते आणि गाडीच्या थर्ड पार्टी विम्याकडे दावा करता येतो. संपूर्ण इमारतीचा विमा सोसायटीने काढला आहे का आणि तो जुन्या शब्दरचनेचा आहे का, हे सचिवांकडून पॉलिसीची प्रत मागवून पाहावे.