टेन्शन रॉड, नऊ महिन्यांनंतर: सगळं त्या दोन मिलिमीटरच्या पायरीमुळे

रात्री अडीच वाजता बेडरूमच्या खिडकीवरचा रॉड पडद्यासकट खाली आला. आधी टेबलावरच्या दिव्यावर, मग दिव्याला सोबत घेऊन जमिनीवर. पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज आला, "अगं, काय पाडलंस?" मी गाढ झोपेत होते. पण घरात काही पडलं की ते मीच पाडलेलं असतं, हे आमच्याकडे केव्हाच ठरून गेलंय.

त्याच रात्री या रॉडला एक तारा देऊन मोकळी होणार होते. बरं झालं दिला नाही. आता नऊ महिने झालेत, संचातले तिन्ही रॉड घरात आहेत, रोज वापरात आहेत, आणि खिडकीवर मात्र त्यांतला एकही नाही.

रॉड नेहमीचाच, दोन भिंतींच्या मधे फिरवून ताणायचा, 70 ते 120 सेंटिमीटरचा. घर भाड्याचं, भिंतीला भोक पाडायचं नाही अशी घरमालकांची ताकीद, म्हणून हा मार्ग. तिघांचा संच सुट्या दोघांच्या किमतीच्या आसपास पडत होता, त्यामुळे तीन घेतले. तिसऱ्याचं काय करायचं ते घेताना माहीत नव्हतं. फुकटात पडलेल्या वस्तूला काम शोधून देण्याची मला खोड आहे, पुढचा बराच मजकूर त्या खोडीतूनच आलाय.

तर ती पायरी. टेन्शन रॉड म्हणजे जाड नळीत सरकणारी बारीक नळी. जाड नळी जिथे संपते तिथे तिची कड उभी राहते. माझ्या रॉडवर ती जेमतेम दोन मिलिमीटरची आहे. जाहिरातीच्या फोटोंत दिसत नाही, कारण तिथे पडद्याची चुणी नेमकी तिच्यावर आणून ठेवलेली असते. (नंतर जाऊन मी सगळे फोटो पाहिले. सगळे.) पडदा जाड भागावरून बारीक भागाकडे ओढला तर सुरळीत जातो. उलट ओढला की पहिली कडी कडेला अडते. खट्ट. मग हात वर करून कडी उचलायची, पुढे ढकलायची, की दुसरी तयार. माझ्या पडद्याला आठ कड्या, त्यांतल्या तीन-चार बारीक भागावर. म्हणजे रोज सकाळी डोळेही नीट उघडलेले नसताना तीन-चार वेळा खट्ट. रॉड उलटा लावून पाहिला, तर सकाळचं खट्ट रात्रीवर गेलं, एवढाच फरक. दुसऱ्या आठवड्यापासून मी कड्या उचलणं सोडलं आणि पडद्याला सरळ हिसका मारायला लागले.

सात आठवडे हिसके खाऊन रॉड पडला. प्रत्येक हिसक्याने नळ्या एकमेकींत किंचित फिरत होत्या आणि ताण सैल होत होता. हे मला पडल्यानंतर कळलं, उचलून हातात घेतला आणि बारीक नळी बोटांनीच फिरली तेव्हा.

कंपनीकडे तक्रार केली. तिकडच्या मुलाने फोटो मागवले, मी पाठवले. मग फोन आला, "मॅडम, तुमच्या भिंतीचा प्रॉब्लेम आहे." मी म्हटलं, खोक्यावर पाच किलो लिहिलंय, माझा पडदा दीड किलोचा आहे. हिशेब करून सांगितला: 120 सेंटिमीटर रुंदीला दुप्पट कापड, 2.1 मीटर उंची, म्हणजे पाच चौरस मीटर, दर चौरस मीटरला 300 ग्रॅम. तो म्हणाला, खोक्याच्या खालच्या बाजूला बघा. बघितलं. मुंगीच्या अक्षरात होतं: कमाल वजन किमान लांबीला लागू. म्हणजे पाच किलो पेलणारा रॉड 70 सेंटिमीटरचा, माझा ताणून 118 चा. तो किती पेलणार हे खोक्याच्या एकाही बाजूवर नव्हतं. चार फोन, दोन आठवडे, आणि शेवटी एका पाकिटातून त्यांनी दोन रबरी टोप्या पाठवल्या. मापही चुकीचं, रॉडच्या टोकाला बसतसुद्धा नाहीत.

वरचं बरंचसं तेव्हाच तणतणत लिहून ठेवलं होतं. पुढचं शांत डोक्याने लिहितेय, आणि त्यात थोडं गिळावंही लागणार आहे.

पहिली गोष्ट, भिंतीबद्दल तो मुलगा निम्मा खरं बोलत होता. टोपीच्या तळाशी पांढरी पावडर चिकटली होती. भिंतीला डिस्टेंपर आहे, हात फिरवला तरी हाताला येतो. हा रॉड उभा राहतो तो फक्त रबर आणि भिंत यांच्यातल्या घर्षणावर. मधे पावडर असली तर रबर भिंतीला नव्हे, पावडरीला धरतं. आता मी ओल्या फडक्याने जागा पुसते, पूर्ण सुकू देते, टोपी साबणाने धुते, मगच लावते. गुळगुळीत टाइलवर तर हे फारच चांगलं बसतं, साबणाचा थर तेवढा आधी काढायला हवा. जिप्समच्या पोकळ भिंतीवर मात्र जोर लावू नका, ती आत दबते. तिथे टोपीमागे लाकडाची छोटी चपटी फळी दिली की जोर पसरतो.

दुसरी गोष्ट जास्त लागली. रॉड निवडायलाच मी चुकले होते. 118 च्या गाळ्याला 70 ते 120 चा रॉड बसतो, म्हणून घेतला. पण तो तिथे जवळजवळ पूर्ण ताणलेला, त्यामुळे सांधा आला मधोमध, म्हणजे सगळ्यात कमजोर जागी आणि पडद्याच्या वाटेत. त्याऐवजी 110 ते 200 चा घेतला असता तर तो जवळजवळ मिटलेलाच बसला असता. पायरी एका टोकापासून चार-पाच बोटांवर गेली असती आणि मधला सगळा भाग जाड नळीचा. जास्तीत जास्त लांबी जुळते का हे सगळे बघतात. बघायची असते कमीत कमी लांबी. ती आपल्या गाळ्याच्या मापाच्या जेमतेम आत हवी. एवढं वाक्य खोक्यावर छापायला काय जात होतं?

मधल्या काळात पायरीवर उपाय करून झाले. चिकटपट्टीचे थर देऊन उतार केला, आठवड्याभरात त्याचा गोंद बाहेर आला आणि कड्या खट्ट करायच्याऐवजी चिकटायला लागल्या, ते आणखी वाईट. मग फाइलची पारदर्शक कव्हरं उभी कापून रॉडच्या पूर्ण लांबीभर सुरळीसारखी गुंडाळली. हे जमलं. कव्हरं जुनी होती, खर्च शून्य. ज्यांचा रॉड आधीच मधोमध सांध्याचा आहे आणि बदलायचा नाही, त्यांनी हे करून बघा. आईचा उपाय होता, "पडदा मधोमध काप, दोन कर, म्हणजे कुठलीच कडी सांधा ओलांडणार नाही." तेव्हा मी हसले. तिचं म्हणणं तंतोतंत बरोबर होतं, ते पुढे येईलच.

पडदा उतरवल्यावर तीन रॉड रिकामे झाले आणि इथून माझं मत बदलायला लागलं. कारण जिथे वस्तू सरकवायची नसते तिथे ती पायरी नसल्यातच जमा.

पहिला गेला सिंकखालच्या कपाटात. आडवा लावला, पाइपाच्या पुढे, आणि स्प्रेच्या बाटल्या त्यावर खटक्याने लटकवल्या. कपाटाचा तळ पूर्ण मोकळा झाला. आधी तिथे मागची बाटली काढायला पुढच्या पाच हलवाव्या लागायच्या, आणि तळाशी कुठली गळतेय ते कधीच कळायचं नाही. आता गळणारी बाटली खाली ठिपका टाकते, तिच्या बरोबर खाली. आणि गंमत म्हणजे पायरी इथे कामाला आली. जाड बाजूला फरशीची औषधं, बारीक बाजूला काचेचं आणि हात धुण्याचं, आणि त्या दोन मिलिमीटरने दोन्ही गट एकमेकांत मिसळत नाहीत.

दुसरा बाथरूममध्ये, कपडे वाळवायला. इथे इशारा: ओल्या कपड्याचं वजन आपण फार कमी धरतो. माझा अंगाचा टॉवेल काट्यावर कोरडा 490 ग्रॅम भरला, हाताने पिळून 1,150. असे तीन टांगले की साडेतीन किलोच्या जवळ. आणि झोल सरळ हिशेबाने वाढत नाही. पूर्ण लांबीभर सारखेच कपडे टांगले आणि लांबी दुप्पट केली, तर रॉड दुप्पट नाही, सोळापट वाकतो, नळी तीच असेल तर. म्हणून माझ्याकडे तिथे शर्ट आणि मोजे. टॉवेल दोनच, तेही टोकांजवळ, मधे कधीच नाही. सहा महिन्यांत एकदाही पडला नाही, दर पंधरा दिवसांनी अर्धा फेरा घट्ट करते एवढंच.

तिसरा, तो फुकटातला, पुस्तकांच्या कपाटात सगळ्यात वरच्या खणाला पुढून आडवा आहे, तिथल्या खोक्यांचा कठडा म्हणून.

याच्या नादाने मी छोटे स्प्रिंगवालेही घेतले, अर्ध्या हाताचे. हे फिरवून जागेवर ताणायचे नसतात. आधी जागेपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर लांब करून ठेवायचे आणि दाबून आत बसवायचे, नाहीतर स्प्रिंगला कामच उरत नाही. सर्वात समाधान दिलं ते खालच्या कपाटातल्या ताटल्या, ट्रे आणि झाकणांनी. चार रॉड उभे लावले, फळीपासून वरच्या फळीपर्यंत, दोन पुढे दोन मागे, आणि मधल्या फटींत ट्रे उभे सरकवले. आधी सगळ्यात खालचा ट्रे हवा असला की सगळी चळत बाहेर. आता हवा तो पुस्तकासारखा ओढते. एकावर चिकटपट्ट्या आणि रिबिनीची रिळं ओवली आहेत. बुटांसाठी दोन रॉडची मांडणी करून पाहिली, सपाट चपला मधून खाली पडल्या, सोडून दिलं.

उभ्या रॉडवरून आठवलं. जपानमध्ये याला त्सुप्पारी-बो म्हणतात आणि तिथे भूकंपात कपाट कोसळू नये म्हणून कपाटाचा माथा आणि छत यांच्यामध्ये असेच जाड ताणखांब देतात, भिंतीकडच्या बाजूला. ती जात वेगळी. संचातल्या रॉडवर तो प्रयोग करू नका.

राहिली खिडकी. सहाव्या महिन्यात घरमालक छताला भोकं पाडू द्यायला तयार झाले, सोडताना बुजवून द्यायच्या बोलीवर. मग अॅल्युमिनियमचा ट्रॅक घेतला, छताला लावायचा. दुकानात माझा पहिला प्रश्न, "याला सांधा आहे का?" दुकानदाराने रंग विचारला होता.

सांधा असतो. लांब ट्रॅक खोक्यात मावावा म्हणून बरेचदा दोन तुकड्यांत येतो, आत जोडपट्टी घालून जोडायचा. जोड जरा वरखाली झाला की रनर (ट्रॅकमध्ये सरकणारा तुकडा, ज्याला पडदा अडकवतात) तिथेच अडतो, म्हणजे माझं खट्ट परत. अखंड मिळत असेल तर अखंडच घ्या, आणायला त्रास झाला तरी. मला अखंड मिळाला नाही. मग आईचं म्हणणं मान्य केलं. जोड बरोबर मधोमध आणला आणि पडदे दोन केले, एक डावीकडे जाणारा, एक उजवीकडे. कुठलाच रनर जोडावरून जात नाही. मधून उजेडाची चीर येऊ नये म्हणून दोन्ही पडदे एकमेकांवर थोडे चढतील एवढं कापड जास्त धरलं. आई काही बोलली नाही, फक्त पडदा दोनदा उघडून मिटून पाहिला.

बाकी थोडक्यात. ट्रॅकवर आयलेटचा, म्हणजे वरच्या काठाला गोल कड्या बसवलेला पडदा चालत नाही, मागे हुकांची पट्टी हवी. माझा जुना पडदा कापून वर पट्टी शिवून घेतली, नवा घेतला नाही. दर आठ-दहा सेंटिमीटरला एक रनर लागतो, दोन-चार जास्तीचे आधीच आत सरकवून ठेवा, टोकाचं बूच बसल्यावर मनस्ताप होतो. ट्रॅक खिडकीपेक्षा दोन्हीकडे वीतभर लांब घ्या, नाहीतर उघडलेला पडदा काचेवरच गोळा होतो. ब्रॅकेट दर 50-60 सेंटिमीटरला एक. भोकं पाडायच्या आधी छतावरची रेघ खिडकीच्या भिंतीपासून दोन्ही टोकांना सारखं अंतर मोजून मारा.

तीन महिने झाले, पडदा एका बोटाने सरकतो.

आणि हो, कंपनीने पाठवलेल्या त्या चुकीच्या मापाच्या दोन टोप्या. त्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीच्या पायांना अगदी चपखल बसल्या, फरशीवर खरखर करणाऱ्या खुर्चीच्या. दोन पायांना. उरलेल्या दोन पायांसाठी पुन्हा एक तक्रार टाकलीय.