खेळ, सीबीटी की सगळं घरच आत? मुलांच्या भीतीसाठी थेरपी निवडताना

रोज सकाळी पोटात दुखतं, शाळेचं नाव काढलं की डोळे भरतात, रात्री एकटं झोपवत नाही, आईला यायला थोडा उशीर झाला की हातपाय गार पडतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलात हे आठवड्यामागून आठवडे चालू राहिलं आणि डॉक्टरांनी ‘शारीरिक काही नाही’ असं सांगितलं की थेरपीला बहुतेक आईवडील तयार होतात. अडतं ते पुढे. कुणी प्ले थेरपी, म्हणजे खेळातून उपचार, सुचवतं; कुणी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी; कुणी म्हणतं सगळ्यांनीच या.

आमच्या मुलीसाठी आम्ही या तिन्ही दारांतून जाऊन आलो. मी तज्ज्ञ नाही, पालक आहे, आणि एका घराचा अनुभव दुसऱ्या घराला जसाच्या तसा लागू पडेल असं म्हणणार नाही. थेरपी म्हणजे काय, समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ यांत फरक कोणता, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. एक मात्र आधीच सांगतो: मूल स्वतःला इजा करण्याबद्दल बोलत असेल किंवा त्याने जेवणखाण सोडलं असेल, तर तुलना बाजूला ठेवा आणि थेट मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. पुढचं सगळं त्या टोकाला न गेलेल्या भीतीविषयी आहे.

सुरुवात आम्ही प्ले थेरपीपासून केली. व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी १९४०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारांच्या आधाराने ही पद्धत उभी केली. मूल खेळाची दिशा ठरवतं, थेरपिस्ट त्याच्या मागून चालतो, घाई करत नाही, शिकवत नाही. बाहुल्या, वाळू, चित्रं यांतून मूल जे मांडतं ते मोठ्याने शांतपणे बघायचं आणि स्वीकारायचं. हे वाचायला सोपं वाटतं, पण एक संपूर्ण तास मुलाला अजिबात न सुधारता बसणं किती अवघड आहे, हे कुठल्याही पालकाला विचारा. आमची मुलगी तिथे आनंदाने जायची. अनोळखी मोठ्या माणसावर विश्वास ठेवता येतो हे ती तिथेच शिकली, आणि त्याची किंमत मी कमी लेखत नाही. शाळेची भीती मात्र होती तिथेच राहिली. ज्या मुलाकडे अजून शब्द नाहीत, जे फार लहान आहे, ज्याने घरातला मृत्यू किंवा एखादा मोठा आघात पाहिला आहे, त्याच्यासाठी मी आजही आधी खेळाचाच विचार करेन. दहा वर्षांच्या, भीती नेमकी कशाची हे सांगू शकणाऱ्या मुलीला त्याहून थेट काहीतरी हवं होतं.

थेट म्हणजे सीबीटी. अ‍ॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्यासाठी बांधलेल्या या पद्धतीला मुलांच्या भीतीपुरती त्याहून जुनी एक मुळी आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवली होती: तो आवडीचं काही खात असताना ससा दररोज थोडा थोडा जवळ आणत. आजची ‘भीतीची शिडी’ त्याच वाटेवरची. सर्वांत कमी भीतीची गोष्ट खालच्या पायरीवर, सर्वांत मोठी वर, आणि एकेका पायरीवर भीती ओसरेपर्यंत थांबायचं. पळून गेलं की भीती पोसली जाते, थांबलं की ती आपणहून उतरते, हा त्यामागचा हिशेब.

सीबीटीच्या मागे पुरावाही भक्कम आहे. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चिंताविकार असलेली ७ ते १७ वयाची ४८८ मुलं होती. नुसत्या सीबीटीने सुमारे ६० टक्के मुलांमध्ये चांगली सुधारणा झाली, नुसत्या सर्ट्रालिन या औषधाने सुमारे ५५ टक्के, दोन्ही मिळून सुमारे ८१ टक्के, आणि औषधासारख्या दिसणाऱ्या साध्या गोळीने सुमारे २४ टक्के. औषधाचं नाव निघताच दचकणाऱ्या पालकांनी यातला ८१चा आकडा जरूर लक्षात ठेवावा. आम्हाला औषधाची गरज पडली नाही, पण पडली असती तर मी अडून बसलो नसतो.

आमच्या मुलीला शिडी आवडली. तिने भीतीला नाव दिलं, तिला दहापैकी गुण द्यायला शिकली, थेरपिस्ट मॅडमच्या खोलीत तिने पायऱ्याही चढून दाखवल्या. मग मला पद्धत बदलावीशी का वाटली? बाहेरच्या खुर्चीमुळे.

ती खुर्ची तुमच्याही वाट्याला येईल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मुलगी आत जाते, दार लागतं, आपण बाहेर बसतो. शेवटची काही मिनिटं आपल्याला आत बोलावतात. ‘आज छान काम केलं तिने’ असं कळतं, एक कागद हातात येतो, त्यावर आठवडाभराचा सराव. तोवर पुढचं मूल आलेलं असतं. प्रश्न विचारावा तर मुलगी शेजारी उभी, आणि तिच्यादेखत तिच्याबद्दल काय आणि कसं विचारायचं हे सुचत नाही. घरी आलो की त्याच रात्री दिवा मालवल्यावर तोच प्रश्न: ‘आई, तुला काही होणार नाही ना?’ याला उत्तर काय द्यायचं? कितीदा द्यायचं? आणि आईने एक दिलं, बाबांनी दुसरं दिलं तर? कागदावर मुलीने काय करायचं ते लिहिलेलं होतं. आम्ही काय करायचं ते नव्हतं. आठवड्यातला एक तास भीती खोलीत बसलेली असायची, उरलेला सगळा वेळ ती आमच्या घरात, आमच्या दोघांच्या मधे.

हे सीबीटीचं वैगुण्य आहे असं मी म्हणणार नाही. मुलांच्या सीबीटीत पालकांसाठी वेगळी सत्रं ठेवणारे थेरपिस्ट आहेत, आणि त्यांच्याकडे गेलो असतो तर कदाचित हा लेख वेगळा झाला असता. पण दाराबाहेरची खुर्ची मला पुढे पुन्हा पुन्हा दिसत राहिली, इतर पालकांच्या बोलण्यातही. म्हणून तिसऱ्या वेळी आम्ही फॅमिली थेरपीचं दार ठोठावलं.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९४९ मध्येच लिहून ठेवलं होतं की मुलाच्या अडचणीत वाट सापडेना तेव्हा त्यांनी आईवडिलांना आणि मुलाला एकत्र बसवून पाहिलं. पुढे मरे बोवेन, व्हर्जिनिया सटीर, साल्वादोर मिनुचिन यांनी त्यातून वेगवेगळ्या वाटा काढल्या. मिनुचिन यांची रीत मला सर्वांत जवळची वाटते. ते कुटुंबाला भांडणाचं वर्णन करू देत नसत, ते भांडण समोरच घडवून आणायला लावत. इटलीतल्या मिलान गटाने याला प्रश्नांची जोड दिली: ती रडते तेव्हा सर्वांत आधी कोण उठतं? ते उठले की कोण चिडतं? मग ती कुणाकडे बघते?

आमच्याकडे नेमकं हेच झालं. खोलीत बोलता बोलता मुलीने आईला तोच प्रश्न विचारला. आई म्हणाली, ‘नाही गं राणी, काही होणार नाही.’ मुलीने पुन्हा विचारलं. मी सवयीने म्हणालो, ‘बास आता.’ तशी आईने तिला जवळ ओढलं, तिसऱ्यांदा समजावलं. थेरपिस्टने आम्हाला तिथेच थांबवलं आणि हे रोज असंच होतं का, एवढंच विचारलं. मी जितका कडक, तितकी तिची आई हळवी. ती जितकी हळवी, तितका मी कडक. यात कुणाचा दोष असा नव्हता, पण मधे उभ्या असलेल्या मुलीला दर वेळी दोन उत्तरं मिळत होती आणि कोणतं खरं ते कळेपर्यंत ती विचारतच राहणार होती. बाहेरच्या खुर्चीवर बसून हे मला कितीही काळ दिसलं नसतं, आणि आतल्या खोलीत एकट्या मुलीसोबत बसलेल्या थेरपिस्टलाही दिसणं शक्य नव्हतं.

मग सगळ्यांनी मिळून एक उत्तर ठरवलं. ‘तुला भीती वाटतेय हे मला कळतंय, आणि तू ती पेलशील याची मला खात्री आहे.’ एकदाच. आई, बाबा, आजी, कुणीही म्हणो, शब्द तेच. ही कल्पना येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांच्या ‘स्पेस’ नावाच्या उपचारातली. मुलाच्या भीतीपायी घर जे जे बदलतं, म्हणजे सोबत झोपणं, पुन्हा पुन्हा धीर देणं, शाळेला सुट्टी देणं, ते प्रेमाने आणि आधी सांगून हळूहळू मागे घ्यायचं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ७ ते १४ वयाची १२४ मुलं होती. एका गटात मुलांना सीबीटी दिली, दुसऱ्या गटात उपचार फक्त पालकांवर केले. पालकांवरचा उपचार सीबीटीपेक्षा कमी ठरला नाही. हे वाचलं तेव्हा मला फार हायसं वाटलं होतं, कारण थेरपीला यायलाच तयार नसलेल्या मुलांच्या घरांसाठीही त्यात वाट आहे.

पहिल्या काही रात्री वाईट गेल्या. प्रश्न वाढले, रडणं वाढलं. असं होईल हे थेरपिस्टने आधीच सांगितलं होतं म्हणून निभावलं. मग प्रश्न विरळ झाले. शाळेच्या सकाळी सोप्या झाल्या. श्रेय कुणाला किती, हे नेमकं वाटून देता येणार नाही, कारण सीबीटीची शिडी तोवर मुलीच्या अंगवळणी पडलेली होती आणि आम्ही तीच घरी वापरली.

फॅमिली थेरपीचा त्रासही आहे. सगळ्यांची वेळ जुळवणं हेच एक काम होऊन बसतं. धाकटा भाऊ कंटाळतो. आजीला सुरुवातीला वाटतं की आपल्यावर ठपका ठेवायला बोलावलंय, आणि थेरपिस्ट कच्चा असेल तर तसं खरंच वाटू शकतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला सगळ्यांसमोर बोलायचं नसेल तर त्याला त्याची बंद खोली मिळायलाच हवी. आणि घरात मारहाण असेल, कुणाची दहशत असेल, तर एकत्र बसवणं धोक्याचं ठरतं. खोलीत उच्चारलेल्या शब्दाची वसुली घरी होते. तिथे आधी सुरक्षितता, मग ज्याची त्याची स्वतंत्र मदत.

मोठ्यांसाठी माझा कल उलटा आहे. वडील गेल्यानंतर मी स्वतः काही महिने मनोविश्लेषणातून पुढे आलेल्या पद्धतीची थेरपी घेतली होती, एकट्याने. तेव्हा दार बंद असणं हीच मला हवी असलेली गोष्ट होती. पॅनिकचे झटके, ठरावीक भीती, नैराश्य यांसाठी मी मोठ्या माणसाला आधी सीबीटी सुचवेन. स्वतःला इजा करण्याकडे मन वळत असेल तर मार्शा लिनेहान यांची डीबीटी, म्हणजे तीव्र भावना सावरायला शिकवणारी थेरपी; आघाताच्या आठवणी पाठ सोडत नसतील तर ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत त्या आठवणींवर काम करणारी पद्धत, किंवा आघातावर बेतलेली सीबीटी. मूल मात्र त्याच्या घरापासून वेगळं काढून बघता येतं, असं मला आता वाटत नाही. किशोरवयीन मुलांच्या अ‍ॅनोरेक्सियावर, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीने जेवण सोडण्याच्या आजारावर, लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात जी पद्धत घडली, तिच्यात मुलाला पुन्हा जेवतं करण्याचं काम काही काळ आईवडिलांच्याच हाती देतात, आणि या आजारात आज तिलाच पहिली पसंती मिळते. कुटुंबाला कारण न मानता उपचार मानणं, हे त्यात मला फार मोलाचं वाटतं.

पद्धतीइतकंच माणसालाही महत्त्व आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन धागे सांगितले होते: एकमेकांबद्दलचा विश्वास, कुठे जायचं याबद्दल एकमत, आणि तिथे कसं जायचं याबद्दल एकमत. मुलांच्या बाबतीत हे तिन्ही धागे मुलाशीही जुळावे लागतात आणि पालकांशीही. प्ले थेरपीवाल्या मॅडमशी मुलीचं जुळलं होतं, आमच्याशी फारसं बोलणंच झालं नव्हतं.

आज पुन्हा निवडायची वेळ आली तर नऊ ते बारा वयाच्या, भीतीने अडलेल्या मुलासाठी मी सीबीटीची शिडी येत असलेला, पण पहिल्या भेटीला सगळ्या घराला बोलावणारा थेरपिस्ट शोधेन. असा माणूस नाही मिळाला तर चांगला सीबीटीवाला घेईन आणि पहिल्याच फोनवर तीन गोष्टी विचारेन: आम्हा दोघांसाठी, मुलगी समोर नसताना, वेगळी वेळ किती ठेवाल? रात्री तिने धीर मागितला तर घरातल्या प्रत्येकाने काय म्हणायचं, हे आपण मिळून ठरवणार का? आणि भावाला, आजीला एकदा तरी भेटाल का? यावर ‘ते आम्ही मुलीसोबतच बघून घेऊ, तुम्ही काळजी करू नका’ असं उत्तर आलं, तर मी आभार मानून दुसरा नंबर फिरवेन.