बचत गटाचं सातूचं पीठ, दोन उन्हाळे वापरून

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्याकडे अकोल्यात बचत गटांचं प्रदर्शन लागलं होतं, तिथून सातूच्या पिठाचं अर्ध्या किलोचं पाकीट आणलं, १३० रुपयाला. तेव्हापासून आठ-नऊ पाकिटं तरी संपली असतील, हा दुसरा उन्हाळा चालू आहे, म्हणून म्हटलं आता नीट लिहावं.

आधी का आणलं ते सांगते. आमचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर डायरेक्ट स्लॅब. मे महिन्यात पारा ४४-४५ ला असतो आणि स्वयंपाकघर तर भट्टीच होते, कारण गॅस चालू असताना पंखा लावता येत नाही, ज्योत उडते, पोळी एकीकडून करपते नि एकीकडून कच्ची राहते. कूलर बाहेरच्या खोलीत. म्हणजे सगळं घर कूलरसमोर आणि पोळ्या करणारी बाई तव्यासमोर, आणि वर सगळ्यांना गरम पोळी पाहिजे! दोन वर्षांपूर्वी असंच साडेबाराच्या सुमारास आई पोळ्या लाटता लाटता ओट्याला धरून खाली बसली. तोंड लालभडक, घसा कोरडा, उठता येईना. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि म्हणाले दुपारी बारा ते चार यांना गॅसजवळ उभं राहू देऊ नका. तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच बसलं आहे. उन्हाळ्यात काय खावं म्हटलं की लोक पन्हं, ताक, टरबूज सांगतात, बरोबरच आहे ते, पण ताटातलं जेवण कोणी, किती वाजता आणि कशासमोर उभं राहून केलं हे कोणी विचारत नाही.

तर सातू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे बिहारवाल्यांचं सत्तू नाही, ते मुख्यतः भाजलेल्या हरभऱ्याचं असतं. मूळ सातू म्हणजे जव, पण आपल्याकडे आता बहुतेक घरी गव्हाचंच करतात. गहू ओलवून, सुकवून खमंग भाजायचे, त्यात फुटाण्याची डाळ म्हणजे डाळवं, थोडं जिरं आणि सुंठ घालून दळून आणायचं. सगळं आधीच भाजलेलं असल्यामुळे नंतर शिजवायची गरजच नाही, पाण्यात कालवलं की जेवण तयार. आजी शेतात जाताना फडक्यात हेच बांधून न्यायची असं आई सांगते.

या पाकिटाचं मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे भाजणी. पाकीट फोडलं की गव्हाच्या लाह्यांसारखा वास येतो, रंग बदामी, आणि पीठ अगदी मैद्यासारखं गुळगुळीत नाही, बोटात धरलं की बारीक रवाळ लागतं. याच्याआधी दुकानातून एका मोठ्या ब्रँडचं आणलं होतं, नाव लिहीत नाही, त्यात साखर आणि वेलची आधीच घातलेली, इतकं गोड की आईला दोन घास पण जाईना, आणि घशात कच्च्या पिठासारखं चिकटायचं. यात गोडच नाही, फक्त जिरं-सुंठ, त्यामुळे गुळात पण चालतं आणि ताकात पण.

कालवायची पद्धत मात्र नीट पाळा नाहीतर गुठळ्या होतात आणि मग लोक पिठाला नावं ठेवतात. आधी गूळ माठाच्या पाण्यात पूर्ण विरघळवून गाळून घ्या (गुळात कचरा असतोच), मग त्या पाण्यावर पीठ थोडं थोडं भुरभुरत हाताने कालवा, चमच्यापेक्षा हातच बरा. एका माणसाला चार मोठे चमचे पुरतात. सुरुवातीला पातळ वाटेल, वाटू द्या, पाच-सात मिनिटांत ते पाणी पितं आणि बरोब्बर खिरीइतकं घट्ट होतं. मी पहिल्यांदा लगेच अजून पीठ टाकत गेले आणि शेवटी लाडू वळावे असा गोळा झाला. वरून एक चमचा तूप. मुलगा दूध घालून खातो, तेही छान लागतं.

पण आमच्या घरी जास्त चालतो तो ताकातला प्रकार. आंबट नसलेलं पातळ ताक, मीठ, बारीक चिरलेला पांढरा कांदा, कोथिंबीर, एखादी हिरवी मिरची, आणि सोबत ताटात तक्कू. कैरी किसून, कांदा किसून, तिखट-मीठ-गूळ घालून केलेला आणि वरून थंड झालेली फोडणी. फोडणी मी सकाळीच एका वाटीत करून ठेवते म्हणजे दुपारी त्याच्यासाठीही गॅस पेटवायला नको. एवढं खाल्लं की मला चार वाजेपर्यंत भूक लागत नाही आणि पोट जड होऊन सुस्ती येते तीही नाही.

आता रोजचं आमचं असं आहे, सकाळी साडेसातच्या आत वरण-भात आणि एखादी भाजी होते, भाकरीपण तेव्हाच टाकून फडक्यात गुंडाळून ठेवते. चिवळ मिळाली तर चिवळच, ती इथे उन्हाळ्यातच येते, निवडायला कटकट आहे पण ज्वारीच्या भाकरीसोबत दुसरं काही नको वाटतं. साडेआठला गॅस बंद तो डायरेक्ट संध्याकाळी सातला. दुपारी ज्याला सकाळचं पाहिजे तो ते खातो, नाहीतर सातू. सकाळचं वरण उन्हाळ्यात लवकर आंबतं, ते फ्रिजमध्येच ठेवा. सुरुवातीला घरात कुरबुर झाली, गार जेवण काय देऊन राहिली म्हणे, पण आई दुपारी कूलरसमोर पाय पसरून पेपर वाचताना दिसली तेव्हा कुरबुर आपोआप थांबली.

तक्रारी पण आहेत. पाकीट साधं प्लास्टिकचं, फोडल्यावर नीट बंद होत नाही, रबर लावून भागत नाही, पीठ लगेच कोंदट होतं. घरी आल्याबरोबर स्टीलच्या डब्यात काढा आणि ओला चमचा अजिबात घालू नका. दुसरं, मागच्या ऑगस्टमध्ये आणलेल्या एका पाकिटाला जुनाट वास येत होता, मी गटाच्या ताईंना फोन केला तर त्यांनी काही न विचारता बदलून दिलं आणि म्हणाल्या पावसाळ्यात आम्ही कमीच दळतो, उन्हाळ्यात घ्या तेच चांगलं. खरं बोलल्या हे मला फार आवडलं. तारीख पाकिटावर पेनने लिहिलेली असते ती मात्र पुसली जाते, शिक्का मारायला पाहिजे. आणि ज्यांना शुगर आहे त्यांनी गुळाचं टाळून ताकातलंच खावं, आमच्या शेजारच्या काकू तेच करतात.

किंमत या वर्षी १५० झाली आहे. घरी केलं तर स्वस्त पडेल हे मला पण कळतं, पण दोन किलो गहू मंद आचेवर भाजायला दीड तास गॅससमोर उभं राहायचं, तेही एप्रिलमध्ये, आणि ज्यासाठी सातू आणलं तेच परत करायचं, मग काय उपयोग. त्या गटातल्या बायका भाजणी पहाटे चारला सुरू करतात आणि आठच्या आत आटपतात असं ताईंनी सांगितलं, त्यामुळे वीस रुपये वाढले म्हणून मी घासाघीस केली नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या पाकिटाचा कापला. २५ मेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, त्याच्या आत अजून दोन पाकिटं सांगून ठेवली आहेत, एक आमचं आणि एक माझ्या नणंदेचं, तिचं स्वयंपाकघर तर टिनाखाली आहे.